फर्स्ट फ्लश दार्जिलिंग: फिक्या रंगाच्या चहाची पारख

दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातल्या पहिल्या पालवीचा चहा पहिल्यांदा समोर आला, की आपल्याकडच्या बहुतेकांचा शेरा ठरलेला असतो: पांचट. आले ठेचून, दूध-साखर घालून खळखळून उकळलेल्या चहावर वाढलेल्या जिभेला हा पिवळसर सोनेरी, जेमतेम तुरट, कोरा चहा पाणीच वाटतो, आणि त्याची किंमत कळल्यावर तर फसवणूक झाल्याची भावना होते. हा फिकेपणा चहा बनवणाऱ्याने जाणूनबुजून, बरेच काही पणाला लावून साधलेला असतो, असे माझे म्हणणे आहे. तो कसा साधला जातो हे एकदा समजले, की या चहात काय शोधायचे आणि काय शोधायचे नाही, हे ठरवणे सोपे जाते.

दार्जिलिंगचे मळे समुद्रसपाटीपासून साधारण ६०० ते २००० मीटर उंचीवर, उभ्या उतारांवर आहेत. थंडी पडली की तिथली झुडपे वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिने जवळजवळ निजून राहतात. फेब्रुवारीच्या अखेरीस दिवसा ऊब वाढू लागली आणि हिवाळ्यातला थोडासा पाऊस वेळेवर झाला असला, की साठवलेल्या बळावर नवे कोंब फुटतात. हीच वर्षातली पहिली पालवी, म्हणजे फर्स्ट फ्लश. खालच्या उतारांवरचे मळे आधी हिरवे होतात, उंचावरचे नंतर. आणि एकाच मळ्यात ज्या भागाची हिवाळ्यात छाटणी केलेली नसते, तो भाग सर्वांत आधी फुटतो. रात्री अजून गार असल्यामुळे कोंब हळूहळू वाढतो आणि कोवळा राहतो. एप्रिल सरता सरता हा जोर ओसरतो, शेंड्याला कळी न धरणारे, मळ्यातल्या भाषेत 'बांझी' म्हटले जाणारे कोंब दिसू लागतात, आणि मग मे महिन्याच्या उत्तरार्धापासून सेकंड फ्लशची वाट पाहायची. ज्या मस्कटेल, म्हणजे मस्कट द्राक्षांसारख्या गंधासाठी दार्जिलिंगची ख्याती आहे, तो या दुसऱ्या पालवीचा गुण आहे; तुडतुड्यांसारख्या बारीक किडींनी पान शोषल्यावर झुडूप जो प्रतिकार करते, त्यातून तो उपजतो. फर्स्ट फ्लशमध्ये तो शोधत बसणाऱ्याची निराशा होणारच.

झुडपांचा वंशही इथे महत्त्वाचा आहे. ब्रिटिश अधिकारी डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१ साली दार्जिलिंगला आपल्या बंगल्याच्या आवारात चहाचे बी लावले, आणि १८५६च्या सुमारास व्यापारी मळे सुरू झाले. तिथे रुजली ती चिनी वंशाची, लहान पानांची झुडपे. आसामचे मोठ्या पानाचे झुडूप ऊब आणि दमट हवा मागते. ही चिनी झुडपे गारठा सोसतात. त्यांतली शंभर वर्षांहून जुनी झुडपे आजही तोडणीत आहेत, आणि माझ्या मते दार्जिलिंगची खरी दौलत तीच आहे.

आता फिकेपणाकडे वळतो. तोडलेला पाला कारखान्यात आला, की तो जाळीच्या लांबलचक हौदांवर पसरून खालून वारा सोडतात आणि रात्रभर कोमेजू देतात. कोणत्याही काळ्या चहाची सुरुवात अशीच होते. फरक पडतो तो किती कोमेजवायचे यात. फर्स्ट फ्लशच्या वेळी दार्जिलिंगमध्ये पान इतके सुकवतात, की त्याच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग उडून जातो. असे पान रोलरमध्ये वळायला घातल्यावर त्याच्या पेशी फुटतात खऱ्या, पण आत ओलावाच उरलेला नसल्यामुळे पानाला तपकिरी-तांबडे करणारी विकरे (एन्झाइम) आपले काम पुरे करू शकत नाहीत. नेहमीच्या काळ्या चहात वळलेला पाला हवेवर पसरून त्याचा रंग पालटण्याची वाट पाहतात. इथे ती वाट फार थोडी पाहिली जाते, कधी कधी जवळजवळ नाहीच, आणि पाला थेट गरम हवेच्या ड्रायरमध्ये जातो. त्यामुळे बाजारात ज्याला काळा चहा म्हणून विकतात, त्याची पाने हिरवी, राखाडी, तपकिरी, मधेच चंदेरी अशी मिश्र रंगांची निघतात.

यात जोखीम मोठी आहे. पान कमी कोमेजले तर हिरवेपणाचा ताजा गंध हरवून साधा तपकिरी चहा तयार होतो. नको तितके कोमेजले तर चहाला कच्च्या गवताचा वास येतो आणि तो पोटातही बोचतो. पहाटे हौदातला पाला मुठीत दाबून, हुंगून, आता वळायला घ्यायचा की आणखी तासभर थांबायचे, हा निर्णय तिथला माणूस घेतो. हवेतला दमटपणा रोज वेगळा असल्यामुळे कालचा हिशेब आज चालेलच असे नाही. मला या चहाबद्दल जो आदर वाटतो, त्यातला मोठा वाटा या पहाटेच्या निर्णयाचा आहे.

आता चव घेण्याविषयी. व्यवसायाने चहा पारखणारे लोक तीन गोष्टी पाहतात: कोरडी पत्ती, भिजलेली पत्ती आणि पेल्यातला अर्क. आपण घरी फक्त तिसरीकडे पाहतो आणि दुसरीला चोथा म्हणून कुंड्यांत टाकतो. फर्स्ट फ्लशच्या बाबतीत निम्मी माहिती त्या चोथ्यातच असते. पारखणाऱ्यांची पद्धत अशी: कानाच्या, झाकणाच्या पांढऱ्या चिनी मातीच्या पेल्यात अडीच-तीन ग्रॅम पत्ती घालून त्यावर उकळते पाणी ओततात, झाकण ठेवून पाच मिनिटांच्या आसपास थांबतात, आणि मग तो पेला झाकणासकट वाडग्यावर आडवा करतात. पेल्याच्या काठाला करवतीसारखे दाते असतात. त्यांतून अर्क वाडग्यात निथळतो आणि पत्ती आतच राहते. मग पेला झटकून ती पत्ती उलट्या झाकणावर घेतात.

त्या झाकणावरच्या ओल्या पत्तीला नाक लावावे. पहिल्या काही क्षणांत, वाफ निघत असतानाच, चांगल्या फर्स्ट फ्लशचा गंध सर्वांत मोकळा असतो: फुलांचा, आणि त्यामागे हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांचा कोवळा हिरवा वास. बोटाने पाने उलगडून पाहावीत. दोन पाने आणि एक कळी असा अखंड कोंब जागोजागी सापडला, तर तोडणी नीट झाली आहे. पानांचा रंग उजळ आणि जिवंत हवा. हिरवट आणि तांबूस यांच्या दरम्यानच्या छटा चालतील, पण मळकट काळपट पाने दिसली, तर कुठे तरी उशीर झालेला असतो. लांब, कडक देठ जास्त असतील तर तोडणी जून पानांवर गेली, असे समजावे.

अर्क चाखताना भुरका मारायचा, आणि तोही मोठ्याने. घरात आवाज करून प्यायल्याबद्दल लहानपणी बोलणी खाल्लेल्यांना संकोच वाटेल, पण त्यामागे साधे कारण आहे: हवेसकट ओढलेला घोट एकदम सगळ्या जिभेवर पसरतो आणि त्याचा गंध घशाच्या मागून नाकात चढतो. फर्स्ट फ्लशची बहुतेक संपत्ती गंधात असल्यामुळे ही वाट मोकळी करून दिली नाही, तर पदरी खरोखरच पांचट पाणी येते. भुरक्यानंतर जिभेच्या कडांवर एक हलका, चटकन उमटून ओसरणारा तुरटपणा जाणवला पाहिजे. आणि घोट गिळल्यावर थोडे थांबावे. चांगल्या चहात तो तुरटपणा विरत जाऊन घशात गोडवा राहतो, तो मिनिटभर तरी टिकतो. हा चहा कोमट झाल्यावरही चाखून पाहावा, असे मी आग्रहाने सांगतो. कढत असताना सगळेच चहा बरे लागतात. निवल्यावर हिणकस चहा कडवट होतो आणि अस्सल फर्स्ट फ्लशचा गोडवा अधिक स्पष्ट होतो.

घरी पिण्यासाठी मात्र पारखणाऱ्यांची पद्धत वापरू नये. ती दोष उघडे पाडण्यासाठी मुद्दाम कठोर ठेवलेली असते. दोनशे मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पत्ती पुरते. ती वजनकाट्यावर मोजावी, कारण ही पत्ती पोकळ आणि लांब असते, आणि आपल्या भुकटीच्या सवयीने घेतलेला चमचा तिला लागू पडत नाही. आधणाला उकळी फुटली की गॅस बंद करून भांडे दोन मिनिटे उघडे ठेवावे, मग पत्तीवर ओतावे आणि झाकून तीन मिनिटे मुरू द्यावे. त्यानंतर सगळा अर्क गाळून घ्यावा; पत्तीवर पाणी राहू दिले, तर दुसरा पेला कडू होतो. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी घालून चार-पाच मिनिटे ठेवले, तर आणखी एक चांगला, अधिक मऊ पेला मिळतो. दूध अजिबात नको. साखरही नको, आणि लिंबू तर या चहाचा नाजूकपणा पुरता झाकून टाकते.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. मुंबईत तलावांतून येणारे पाणी मृदू असल्यामुळे तिथे हा चहा सहज खुलतो. पण बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात तीच पत्ती मळकट रंग देते आणि वर तेलकट दिसणारी साय धरते. आपल्या दूध घातलेल्या चहात हा फरक लपून जातो, इथे लपत नाही. चव पाहण्याची वेळही निवडावी. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी झाल्यावर किंवा नुकतेच दात घासल्यावर या चहाकडून काही मिळण्याची अपेक्षा करू नये.

दोन प्रकारचे फर्स्ट फ्लश शेजारी शेजारी ठेवून चाखले, तर सर्वांत लवकर शिकता येते. एक जुन्या चिनी झुडपांचा, ज्याच्या पाकिटावर बहुधा 'चायना' असे लिहिलेले असते. आणि दुसरा कलमी वाणांचा, म्हणजे 'क्लोनल'. कलमी वाणांत एव्ही-२ सर्वांत प्रसिद्ध आहे. एव्ही-२ची पत्ती हिरवी, चंदेरी कळ्यांनी भरलेली असते आणि तिचा फुलांचा गंध पाकीट उघडताच अंगावर येतो. चिनी झुडपाची पत्ती बारीक आणि दिसायला साधी. तिचा गंध दबका, त्यात फुलांपेक्षा ओल्या बदामाचा आणि जर्दाळूचा भाग अधिक. पहिल्या घोटाला एव्ही-२ जिंकतो, यात वाद नाही. पण संपूर्ण किटली प्यायची असेल, तर मी चिनी झुडपाचाच चहा घेतो, कारण प्रत्येक पेल्यात त्याचे आणखी काही तरी कळत जाते, आणि एव्ही-२ने आपले सगळे पहिल्या पेल्यातच सांगून टाकलेले असते.

पाकिटावरचे 'डीजे' हे अक्षर आणि त्यापुढचा आकडा हीदेखील उपयोगाची माहिती आहे. प्रत्येक मळा हंगामाच्या सुरुवातीपासून आपल्या चहाच्या प्रत्येक खेपेला क्रमांक देतो: डीजे-१, डीजे-२, आणि पुढे. क्रमांक लहान, तितकी खेप लवकरची. डीजे-१ मिळवण्याची चढाओढ असते आणि सुरुवातीच्या खेपा विमानाने जर्मनीसारख्या देशांत जातात. माझे मत असे, की पहिल्याच खेपेच्या मागे लागण्यात चवीपेक्षा मिरवण्याचा भाग जास्त असतो. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या खेपांत झुडपाने जोर धरलेला असतो, आणि त्या अधिक भरीव लागतात.

किमतीबद्दल तक्रार करण्याआधी काही आकडे पाहावेत. एक किलो तयार चहाला सुमारे साडेचार किलो ओला पाला लागतो, आणि तो उभ्या चढावर, कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर डोको (वेताची टोपली) लावून, बहुतेक बायकाच हाताने खुडतात. इतके होऊनही पश्चिम बंगालमधल्या मळ्यांतली दिवसाची मजुरी २०२३ साली २५० रुपये ठरली. महाग पाकिटातला फार थोडा पैसा त्या हातांपर्यंत पोहोचतो, आणि या चहावर प्रेम करणाऱ्याने हे नजरेआड करू नये. दार्जिलिंगमध्ये ८७ नोंदणीकृत मळे. त्यांचे वार्षिक उत्पादन एकेकाळी एक कोटी किलोच्या वर होते, ते आता साठ लाखांच्या आसपास घसरले आहे. २०१७ साली वेगळ्या गोरखालँड राज्यासाठी शंभराहून अधिक दिवस चाललेल्या बंदमध्ये सेकंड फ्लश बुडालाच, पण रान माजलेली झुडपे छाटावी लागल्याने २०१८च्या फर्स्ट फ्लशलाही फटका बसला. हिवाळ्यातला पाऊस बेभरवशाचा झाला आहे, आणि पहिली पालवी तर त्याच पावसावर अवलंबून असते.

सीमेपलीकडच्या नेपाळमधल्या इलामचा चहा दार्जिलिंगच्या नावाने खपवला जातो, ही दार्जिलिंगच्या मळ्यांची जुनी तक्रार आहे. इलामचा चहा वाईट मुळीच नाही; इलाम म्हणून विकला जात असेल तर अवश्य घ्यावा. दार्जिलिंग हे भारतातले पहिले भौगोलिक मानांकन आहे, म्हणून पाकिटावर स्त्रीचा चेहरा आणि हातात चहाचा कोंब असलेले त्याचे गोल चिन्ह पाहावे, आणि त्यासोबत मळ्याचे नाव, तोडणीचा महिना किंवा खेपेचा क्रमांक दिलेला असेल तेच निवडावे. नुसते 'दार्जिलिंग चहा' एवढेच छापलेल्या डब्यात कोणत्या पालवीचा चहा आहे, हे कळायला मार्ग नसतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पन्नास ग्रॅमच घ्यावा. तेवढ्यात वीस पेले होतात आणि दुसऱ्यांदा पाणी घातले तर त्याच्या दुप्पट. डबा हवाबंद आणि अपारदर्शक असावा, आणि मसाल्याच्या कपाटात तो कधीही ठेवू नये, कारण कोरडी पत्ती आजूबाजूचे वास झपाट्याने ओढून घेते. हिरवा ताजेपणा या चहातून सर्वांत आधी उडतो, आणि आपल्या पावसाळ्यातली दमट हवा त्याला आणखी घाई करते. म्हणून मे महिन्यात घेतलेले पाकीट दिवाळीच्या आत संपवावे, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी त्याचे दोन लहान डबे करून एकच वापरात ठेवावा.