एका बॅटरीपासून सुरू झालेलं काम

मिरजेत वाद्यांचं दुकान विचारलं की लोक सतारमेकर गल्लीकडे बोट दाखवतात. आमचं दुकान तिथून जवळच आहे, पण आमच्याकडे ना भोपळा, ना तारा. दोन टेबलं, एक लॅपटॉप, चार-पाच कीबोर्ड आणि गोधड्या लावून आवाज बंद केलेली आतली खोली. आम्ही कीबोर्डसाठी टोन, म्हणजे त्यातून निघणारे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज, बनवतो. ऑर्केस्ट्रावाले, बँजो पार्ट्या, भजनी मंडळं, चर्चमध्ये वाजवणारी मुलं, असे सगळे येतात.

सुरुवात वडिलांच्या पेटीदुरुस्तीत झाली. सूर लावायला मी तिथेच शिकलो. पितळी स्वरपट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हात किती हलका ठेवायचा हे वडील सांगत नसत, पट्टी वाजवून ऐकवत. पुढे पेट्या कमी झाल्या आणि कीबोर्ड यायला लागले, म्हणून मी सोल्डरिंग शिकून तीही दुरुस्ती घ्यायला लागलो.

२००३ च्या जत्रेच्या सीझनमध्ये एक ऑर्केस्ट्रावाला त्याचा रोलँड एक्सपी-८० कीबोर्ड घेऊन आला. चालू केला की बॅटरी कमी असल्याचा मेसेज येत होता. मी खोलला, आतली नाण्याएवढी सीआर २०३२ काढली आणि नवी बसवली. पाच मिनिटांचं काम. चालू करून बघतो तर त्याचे सगळे टोन गेलेले. त्या मशीनमध्ये स्वतःचे टोन ठेवायला १२८ जागा असतात आणि त्या मेमरीला जिवंत ठेवते ती हीच बॅटरी. आधी फ्लॉपीवर कॉपी काढून घ्यायला हवी होती. चूक माझी होती. तो ओरडला नाही, काही बोललाही नाही. खाली फरशीवर बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची सुपारी होती.

त्या रात्री आम्ही दोघं दुकानातच थांबलो. तो तोंडानं आवाज काढून दाखवायचा आणि मी बटणं दाबत तो शोधायचो. सगळ्यात जास्त वेळ सनईनं घेतला. मशीनमध्ये सनई नव्हती, म्हणून ओबो या सनईसारख्या पाश्चात्त्य वाद्यावरून निघालो. एक्सपी-८० मध्ये एका आवाजाखाली चार थर लावता येतात. पहिल्या थरात ओबो घेतला. दुसऱ्यात तोच, पण सूर केसभर चढवून, म्हणजे दोन्ही मिळून आवाज भरीव होतो. तिसऱ्यात फक्त हवेचा आवाज, तोही क्षणभर. सनईवाला स्वर धरण्याआधी जी फुंकर पडते, तिच्यासाठी. मग अटॅक, म्हणजे आवाजाची सुरुवातीची उठण, थोडा मागे ओढला, कारण पट्टी दाबताक्षणी पूर्ण आवाज आला की ती सनई न वाटता हॉर्न वाटते. कंप लगेच सुरू होऊ दिला नाही. स्वर आधी सरळ उभा राहिला पाहिजे, मग हलला पाहिजे. एका वेळी एकच स्वर वाजेल असं केलं आणि एकावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा वेळ मिंडेच्या बेतानं ठेवला.

त्यानं वाजवून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, सगळं बरोबर आहे, पण नाकात बोलत नाही." तेव्हा साधा फिल्टर काढून पीकिंग फिल्टर लावला. तो ठरावीक पट्ट्यातला आवाज उचलून धरतो. तो पट्टा वरखाली सरकवत एका जागी आलो आणि दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. पहाटे चारपर्यंत अकरा टोन झाले. बाकीचे पुढच्या आठवड्यात करून दिले, पैसे घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात त्याच्या ओळखीचे तिघं आले. दुरुस्तीसाठी नाही, त्यांनाही ती सनई हवी होती.

पुढे स्वतःचं रेकॉर्डिंग आत टाकता येणारे कीबोर्ड स्वस्त झाले आणि काम बदललं. आम्ही पहिलं रेकॉर्डिंग तंबोऱ्याचं केलं. मिरजेत राहून दुसरं काय करणार? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या खोलीतही पेढे वाटले गेले. पण तंबोऱ्यानं आम्हाला दमवलं. इतर वाद्यांचा छोटा तुकडा घेऊन तो गोल फिरवत ठेवला की चालतं. तंबोऱ्याची तार छेडल्यावर जवारीतून, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या घासलेल्या माथ्यातून, एकामागून एक स्वर उमलत जातात, आणि छोटा तुकडा फिरवला की ते उमलणंच मरतं. शेवटी प्रत्येक तार पूर्ण विझेपर्यंत रेकॉर्ड केली: पंचम, दोन्ही जोड आणि खर्ज, चारही सुट्या. एकच रेकॉर्डिंग चार पट्ट्या वर नेलं तर भोपळा लहान झाल्यासारखं ऐकू येतं, म्हणून तंबोरा पुन्हा पुन्हा वेगळ्या सुरात लावून घेतला. यात एक अख्खा पावसाळा गेला.

भजनी मंडळांची मागणी वेगळी असते. गांधार ट्यूनिंगच्या, म्हणजे नैसर्गिक गांधाराला लावलेल्या, पेटीशेजारी कीबोर्डचा गांधार बोचतो. कीबोर्डचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंट). स्केल ट्यून या प्रत्येक स्वर वेगळा चढवा-उतरवायच्या सेटिंगमध्ये तो उतरवता येतो, पण षड्ज कुठे आहे ते आधी विचारावं लागतं. पांढरी एकच्या, म्हणजे सी ला षड्ज धरणाऱ्या, गायकासाठी ई ची पट्टी उतरवायची, काळी एकसाठी एफ ची. हे न विचारता कुणी सेटिंग करून देत असेल तर घेऊ नका.

एक दुखणंही सांगतो. एका लग्नाच्या मांडवात आमचाच टोन ऐकला. मध्यमाच्या शेवटी आमच्या लाकडी स्टुलाची करकर राहून गेली होती, तीही तशीच वाजली. दुसऱ्या गावातल्या एका विक्रेत्यानं पेनड्राइव्हवरून उचलून स्वतःच्या नावानं विकला होता. फार लागलं ते. महिनाभर कामात मन नव्हतं. त्यानंतर तयार टोनचे गठ्ठे विकणं आम्ही बंद केलं. आता वाजवणाऱ्याला समोर बसवतो. त्याचा हात जड आहे की हलका, तो कोणत्या स्पीकरवर वाजवणार, हे बघूनच टोन बनतो. प्रत्येक गिऱ्हाइकाची कॉपी दोन ठिकाणी ठेवतो, आणि बॅटरी बदलायच्या आधी तर ठेवतोच.

लॅपटॉपवरचं काम आता मुलगी बघते. सध्या संबळ या गोंधळ्यांच्या जोड-वाद्याचं रेकॉर्डिंग चालू आहे. एकच थाप लागोपाठ दोनदा आली की कान लगेच पकडतो, म्हणून प्रत्येक थापेची हलकी, मधली, जोराची अशी तीन रेकॉर्डिंग, आणि प्रत्येकाला जोडीला आणखी एक. वाजवणारे गोंधळी मामा मंगळवार-शुक्रवार सोडून येतात. त्यांच्या वाकड्या काठीची जोराची थाप अजून राहिली आहे. पावसानं कातडं उतरलंय. दोनदा शेकून बघितलं, पण मामांना पटलं नाही. आता उघडीप पडली की ते येणार आहेत.