बासष्ट नंबरची बोट

जर्मनीहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी उरणात कुणाकडेही गेलं की चहा यायच्या आत प्रश्न येतो. "अगं, सुट्टीला काय करायचीस तिकडे? पॅरिस झालं का? स्वित्झर्लंड?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू त्याचेच पैसे बुडाले. मावशी तर म्हणाली, "मग दोन वर्षं काय नुसता अभ्यासच केलास?"

आता विचारलंतच, म्हणून सांगते. बहुतेक रविवारी मी बोटीत बसायचे. हॅम्बुर्गच्या एकाच बोटीत, ६२ नंबरच्या.

पहिलं कारण पैसे. शनिवारी मी एका हॉटेलात भांडी घासायचे, तेव्हा हातात उरायचा तो रविवार. आणि जर्मनीतला रविवार म्हणजे कडकडीत बंद. किराणा बंद, कपड्यांची दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायचीसुद्धा चोरी. शनिवारी रात्री दूध संपलंय हे लक्षात आलं नाही तर रविवारी कोरा चहा, नाहीतर स्टेशनातल्या दुकानात जाऊन चढ्या भावाने आणायचं. अशा दिवशी खोलीत बसलं की घर आठवतं. सेमिस्टरच्या फीमध्येच शहरातल्या बस-रेल्वेचा पास मिळायचा. त्या पासावर बोटही चालते हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्या दोन महिन्यांची हळहळ अजून आहे.

बोट सुटते लांडुंग्सब्र्यूकनहून. हा नदीवरचा तरंगता धक्का. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब, तरी एल्ब नदीला भरती-ओहोटी आहे, तीही साडेतीन मीटरच्या आसपास. त्यामुळे अख्खा धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो. भरतीला काठावरून धक्क्यावर जाणारा पूल जवळजवळ सपाट असतो. ओहोटीला तोच पूल इतका उतरता की लहान मुलांच्या गाड्या आयांनी मागे ओढून धराव्यात. मी पहिल्यांदा तो उतार उतरले आणि हसायलाच आलं. आमच्या उरणच्या मोरा जेटीला ओहोटी लागली की गाळ उघडा पडतो, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याची लाँच बंद होते आणि माणसं घड्याळ बघत बसतात. इथे धक्काच पाण्याबरोबर खाली गेला. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे इतक्या लांब जाऊन तू लाँचमध्येच बसलीस."

बसले खरी. त्या बोटींना तिथले लोक 'इस्त्री' म्हणतात, कारण बाजूने पाहिलं तर आकार अगदी तसाच. फिंकेनवेर्डर या शेवटच्या थांब्यापर्यंत अर्धा तास. पर्यटक वरच्या डेकवर फोटो काढतात. मी खाली काचेशी बसायचे, कारण वर एल्बचा वारा कानात शिरला की दोन दिवस बाहेर निघत नाही.

कधी पहाटे उठवलं तर मासळीबाजार. रविवारीच भरतो, १७०३ पासून. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू, साडेनऊला खलास. त्यात आता मासे कमी आणि केळी-अननसांच्या टोपल्या जास्त. विकणारे बाप्ये गाडीवर उभं राहून ओरडतात, पण ऐकून घेतात. आमच्या कोळणींपुढे एकाचा टिकाव लागला नसता. पावात घातलेला खारवलेला हेरिंग मासा आणि कच्चा कांदा मी एकदा खाल्ला. एकदाच.

माझं खरं ठिकाण म्हणजे नॉयम्युलेनचा थांबा. तिथे उतरून काठाने चालत गेलं की वाळूचा किनारा लागतो आणि त्या वाळूत २१७ टनांचा एक धोंडा आहे. हिमयुगात बर्फाबरोबर स्वीडनकडून घरंगळत आलेला, १९९९ साली नदी खोल करताना सापडला. नाव ठेवलंय 'म्हातारा स्वीडिश'. त्याला टेकून मी डबा खायचे, आणि समोरून जहाजं जायची. चारशे मीटर लांबीची, वर कंटेनरच्या दहा-दहा थप्प्या. उरणच्या मुलीला कंटेनरचं काय कौतुक? न्हावा-शेव्याचे ट्रेलर रस्त्यात आडवे असल्यामुळे मी कॉलेजात किती लेक्चरं चुकवली, त्याचा हिशेब नाही. आमच्याकडे बंदर म्हणजे धूळ, हॉर्न आणि गेलेली शेती. इथे तोच कंटेनरचा डबा पाण्यावरून काही आवाज न करता चाललेला, आणि वाळूत पोरं किल्ले करतायत. मी त्या डब्यांवरची अक्षरं वाचत बसायचे. ओळखीची निघायची. गव्हाण फाट्यावर याच नावांच्या मागे मी तास-तास अडकले होते.

ऑक्टोबरच्या शेवटी एकदा तशीच बसले होते. बूट काढून शेजारी ठेवलेले, मांडीवर पोळी-भाजी. एक अजस्र जहाज गेलं आणि माझ्यासमोरचं पाणी भराभर मागे हटलं. चांगली तीन-चार पावलं ओली वाळू उघडी पडली. मला वाटलं, ओहोटी. समुद्राकाठी वाढलेल्या मुलीला एवढंही कळू नये? ओहोटी अशी अर्ध्या मिनिटात लागते का कुठे! शेजारच्या आजीबाई कुत्र्याला घेऊन केव्हाच वर सरकल्या होत्या आणि मला हात करून काहीतरी ओरडत होत्या. एवढं मोठं धूड अरुंद नदीतून जाताना आजूबाजूचं पाणी आधी स्वतःकडे खेचून घेतं आणि मागोमाग ते सगळं काठावर परत येतं. तशी पाटीसुद्धा लावलेली आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसले होते.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. डबा वाचवला, बूट गेले. एक लगेच सापडला. दुसरा त्या कुत्र्याने आणून दिला आणि आजीबाई म्हणाल्या, "मॉइन." हॅम्बुर्गात सकाळ-संध्याकाळ याच शब्दाने नमस्कार करतात. त्या क्षणी त्याचा अर्थ नमस्कार नव्हता, एवढं नक्की.

परतीच्या बोटीत मी बसले तिथे पाण्याचं थारोळं. नवे बूट घ्यायला दुकान उघडं कुठलं, रविवार ना! एकच जोड होता, तो रात्रभर हीटरवर ठेवला. सकाळी खोलीला मोऱ्याच्या जेटीचा वास. मग लोकरीचे मोजे चढवले, वर घरच्या चपला घातल्या आणि तशीच लेक्चरला गेले. जर्मनीत मोज्यांवर चपला. कुणी वळूनही पाहिलं नाही.