हळद, गेरू आणि आमचा थोरला

जत तालुक्यात माडग्याळी जातीचा मेंढा घरात असणं म्हणजे थाट. आमचा थोरला तसाच, पोपटाच्या चोचीसारखं नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. दोन वर्षांपूर्वी गाभण घालायला ५८ मेंढ्यांत तो एकटाच सोडला. कोकरं कार्तिकापासून माघापर्यंत रेंगाळत आली आणि नऊ मेंढ्या खाली राहिल्या, म्हणजे गाभणच गेल्या नाहीत.

आबा म्हणाले, "एकाला पंचवीस, लई झालं तर तीस. तू ऐकलं न्हाईस."

हिशेब खरा आहे. मेंढी साधारण १७ दिवसांनी माजावर येते, माज जेमतेम दीड दिवस टिकतो. म्हणजे ५८ मेंढ्यांत रोज तीन-चार माजावर. त्यातून मेंढ्याचा जीव एखाद्या आवडतीवर अडकला की बाकीच्यांची पाळी हुकते.

म्हणून गेल्या आषाढात घरचाच दोनदाती, म्हणजे कोवळा, नर जोडीला घेतला. एकत्र सोडले असते तर रात्रभर टकराच झाल्या असत्या. मधे वाघर (जाळी) लावून थोरल्याकडे ३६ दिल्या, धाकट्याकडे २२. कोवळ्या नराला वीस-बावीसच बऱ्या. दोघांच्या छातीला गोड्या तेलात कालवलेली हळद फासली, दर दोन-तीन दिवसांनी परत. मेंढा चढला की मेंढीच्या पुठ्ठ्यावर पिवळा डाग उमटतो. १७ दिवसांनी हळदीऐवजी गेरू, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आलेली (उलटलेली) मेंढी लाल डागानं कळते. आधी फिकट, मग गडद, नाहीतर दुसरा रंग दिसतच नाही. (काळ्या दख्खनी मेंढ्या असत्या तर सगळंच मुसळ केरात.)

थोरल्याच्या ३६ पैकी ३३ पिवळ्या झाल्या. मी खूश. मग गेरू लावला आणि त्यातल्या २१ पुन्हा लाल! धाकट्याच्या २० पिवळ्यांतल्या तीनच उलटल्या.

म्हणजे थोरला काम करत होता, पण बीज लागत नव्हतं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "मधे आजारी होता का?" ज्येष्ठाच्या सुरुवातीला त्याला चार दिवस सणसणीत ताप होता. बीज तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात, तापाचा फटका तेवढे दिवस पुरतो. एकाला पंचवीस हा आकडा धडधाकट मेंढ्याचा, हे आबांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

उलटलेल्या मेंढ्यांवर धाकटा फिरवला. खाली राहिल्या चार.

थोरला आता उन्हाळाभर कडुलिंबाखाली असतो, मेंढ्यांत सोडायच्या महिनाभर आधी मक्याचा भरडा सुरू. यंदा हळद दीड किलो गेली. डबा रिकामा बघून घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.