लंडनची माणसं आणि आमचा नऊ इंची हॉल

परत येऊन आठ दिवस झाले, बॅगेतला चिवडासुद्धा संपला, पण आत्याचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. जानेवारीत सकाळी सहाला नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या हॉलमध्ये मी दोन स्वेटर, कानटोपी, वरून आईची शाल आणि पायात नवऱ्याचे मोजे अशा अवतारात चहाची वाट बघत बसले होते, आणि आत्या आली ती दारातूनच म्हणाली, "बघा बघा, लंडनची माणसं कशी कुडकुडतायत!" लंडन नाही गं, लीड्स, हे मी अकरा वर्षं सांगतेय. पण राग आला तो त्याचा नाही, ती खरं बोलली त्याचा आला. मला लीड्सला घरात इतकी थंडी कधी वाजत नाही.

लेकीने तर पहिल्याच रात्री विचारलं, "आजोबा, तुमचं हीटिंग किती वाजता लागतं?" बाबा म्हणाले, "सूर्य उगवला की."

आता माझ्या पर्समध्ये एक छोटा डिजिटल थर्मामीटर असतो (हसा, नवरा पण हसतो), तो काढून टीपॉयवर ठेवला तर हॉलमध्ये १४. बाबांना फार अभिमान वाटला. "निफाडला २०१८ च्या डिसेंबरात १.८ गेला होता पारा, द्राक्षवाल्यांनी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवल्या, हे १४ म्हणजे काय!" आपल्याकडे थंडी सोसणं हा स्वभावाचा भाग आहे, थंडी वाजली असं म्हणणारा नाजूक. डब्ल्यूएचओ म्हणते घरात निदान १८ असावं, म्हाताऱ्या माणसांना तर थोडं जास्तच. हे मी बोलले, तर आईने मला अजून एक गोधडी आणून दिली.

तर इकडचं सांगते. आमचं लीड्सचं घर शंभर वर्षांपेक्षा जुनं, ओळीतलं, लाल विटांचं. सगळ्यांनी सांगितलं होतं नवीन घ्या, जुन्या घराला बिलं फार येतात. पण बजेट, शाळा, स्टेशन, आणि मला खिडक्या आवडल्या, झालं. घेतल्यावर बाबांना व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. बाबा रिटायर्ड ओव्हरसियर, त्यांनी हॉल पाहिला नाही, किचन पाहिलं नाही, म्हणाले बाहेर जा आणि भिंत दाखव. विटांची एक बाजू लांब दिसतेय, मध्येमध्ये आखूड बाजू पण दिसतेय ना, मग ही सॉलिड भिंत, मध्ये पोकळी नाही. नऊ इंची. आपल्या घराचीच भिंत तू तिकडे जाऊन विकत घेतलीस! हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. पण त्यांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, इथे नंतर बांधलेल्या घरांत दोन भिंती आणि मध्ये पोकळी असते, त्यात कापूस भरल्यासारखं इन्सुलेशन भरता येतं, आमच्यात भरायला जागाच नाही.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही काय केलं, तर अस्सल आपल्या पद्धतीने सगळ्या खिडक्या गच्च बंद, कपडे रेडिएटरवर (भिंतीवरचे पत्रे, आतून गरम पाणी फिरतं, त्याने घर तापतं) वाळत, कुकरच्या शिट्ट्या, आणि गॅस वाचवायचा म्हणून बेडरूमचा रेडिएटर बंद. फेब्रुवारीत कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी, माणसाएवढी उंच. मी रडले. खरंच रडले. आधी वाटलं भिंत गळतेय, एकाने येऊन पाहिलं आणि भिंतीला भोकं पाडून केमिकल भरायचा भलामोठा खर्च सांगितला. आम्ही भरणारच होतो, शेजारच्या आजींनी थांबवलं. त्या आल्या, भिंतीला हाताची मागची बाजू लावली, आणि म्हणाल्या हे पाणी बाहेरून नाही, तुमच्याच घरातलं आहे.

फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच. श्वास, आंघोळ, वरणभात, ओले कपडे, सगळी वाफ हवेत, आणि ती जाऊन बसते सगळ्यात थंड भिंतीवर, म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यात, कपाटामागे, जिथे ऊब पोचतच नाही. उपाय इतका साधा की लाज वाटली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, स्वयंपाक करताना झाकण आणि पंखा, आंघोळीनंतर दार लावून खिडकी उघडी, कपडे एकाच खोलीत आणि तिथे ओलावा ओढणारं मशीन, आणि सकाळी दहा मिनिटं घरभर खिडक्या सताड उघड्या. हे शेवटचं बाबा पहिल्या दिवसापासून सांगत होते, "हवा खेळती पाहिजे". मी त्यांना सांगत होते बाबा बाहेर दोन डिग्री आहे. असो. हवा बदलते पण भिंती काही दहा मिनिटांत गार होत नाहीत, म्हणून हे चालतं.

मग फटी. आजींनी दाराखाली ठेवायला जुन्या पडद्याचा लांबलचक साप शिवून दिला, आत तांदूळ भरलेला (किती तांदूळ वाया गेला असं आईला वाटलं). बाकी फटी मी उदबत्तीने शोधल्या. वारा असलेल्या दिवशी उदबत्ती लावून खिडकीच्या कडेने, पत्रपेटीच्या झडपेजवळ, लाकडी फळ्यांच्या जमिनीवरून हळूहळू फिरवायची, धूर जिथे झोकांडी खातो तिथे फट. घरात कोणाची पूजा आहे असं पोस्टमनला वाटलं असेल. वापरात नसलेल्या जुन्या शेकोटीच्या चिमणीत लोकरीचा बोळा घातला, आणि खरं सांगते, एवढ्या एका बोळ्याने जो फरक पडला तो नव्या पडद्यांनी नाही पडला.

लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्यावर, आधीचं इन्सुलेशन जेमतेम १०० मिलिमीटर होतं, इथे २७० सांगतात. नवऱ्याने वरून आडवे थर टाकून स्वतः पूर्ण केलं, फुल बाह्यांचा शर्ट घाल म्हटलं होतं, नाही घातला, दोन दिवस खाजवत होता. छपराच्या कडेला हवा जायची जागा मात्र बुजवायची नाही, नाहीतर वरची लाकडं ओली राहतात.

आणि बॉयलर, रेडिएटरचं पाणी गॅसवर तापवतो तो. हे मला कोणी आधी का सांगितलं नाही! बसवणाऱ्याने रेडिएटरचं पाणी ७५ वर लावून ठेवलं होतं, मी ते ६० च्या खाली आणलं. हे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णता परत घेतात, पण त्यासाठी रेडिएटरमधून फिरून येणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असावं लागतं. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का बसतो, तीच उष्णता ही, आमच्याकडे नुसती पाइपातून बाहेर चालली होती. घर तापायला जरा जास्त वेळ लागतो, बस. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर टाकीचं पाणी मात्र ६० लाच तापवायचं, नाहीतर त्यात जंतू होतात. आणि बॉयलर उघडायचा नाही, इथे गॅसचं काम रजिस्टर्ड माणसानेच करायचं असा कायदाच आहे.

तर इतकं सगळं शिकून मी नाशिकला गेले होते आणि आमच्याच हॉलमध्ये हरले. तीच भिंत, फक्त आत तापवणारं काही नाही आणि वर उघडी स्लॅब. निरभ्र रात्री स्लॅब सगळी ऊब आकाशात सोडून देते, आणि मे महिन्यात दिवसभर तापून तीच रात्री आपल्या अंगावर सोडते. मी दोन हजार वॅटचा हीटर आणायला निघाले तर बाबा म्हणाले तासाला दोन युनिट, महिन्याला तीनशेच्या वर गेलो की स्लॅब बदलतो. (विजेच्या दराचा स्लॅब. आमच्या घरात सगळं स्लॅबवरच अडतं.) मग मी उदबत्ती काढली. आई म्हणाली, अगं आंघोळ तर कर आधी.

सगळा वारा सरकत्या खिडक्यांतून येत होता, ट्रॅकमधली केसाळ पट्टी झिजून टक्कल पडलेलं. कोपऱ्यावरच्या अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडून मीटरवर नवी पट्टी आणली, मुख्य दाराखाली आईच्या जुन्या साडीचा साप, आत वाळू, तांदूळ नाही. पडदे दिवसा उघडे, ऊन आत, पाचला बंद. बाथरूमच्या झरोक्याला मात्र हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका, आत गॅस गीझर असेल तर तो झरोका बुजवणं म्हणजे जिवाशी खेळ, तो विषारी वायू वाससुद्धा देत नाही. आत्याने तिकडे पुठ्ठा लावला होता. मी जाऊन काढला, तिला राग आला, येऊ दे.

गच्चीचं काम राहिलं. बाबांना चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, करायचंय, मी म्हणते त्याखाली इन्सुलेशनचा थर टाका, उन्हाळा-हिवाळा दोन्हीला उपयोग, ते म्हणतात आधी गळतंय का ते बघू.

थर्मामीटर त्यांच्याकडेच ठेवून आले. काल फोनवर म्हणाले, डायरीत रोज सहाला लिहितोय, आज हॉलमध्ये १६ आहे, पट्टी लावल्यापासून १५ च्या खाली गेलेला नाही. बाहेरची थंडी कमी झाली असेल हे मी बोलले नाही. मग त्यांनी विचारलं, तुझ्या घरात किती आहे?

मी भिंतीवरच्या हीटिंगच्या डबीत तापमान पाहिलं. बिल येऊन गेलंय या आठवड्यात, लेक शाळेत, मी एकटीच घरी, मांडीवर ब्लँकेट.

साडेसोळा होतं. मी म्हटलं एकोणीस.