तुम्ही विचारलंत म्हणून : 'काकेरु' पाठ कसं करायचं?

जपानीच्या वर्गात हा प्रश्न दर बॅचला येतो : 'काकेरु' या क्रियापदाचे एवढे अर्थ, पाठ करायचे तरी कसे?

माझं म्हणणं, पाठ करूच नका. इंग्रजी अर्थांची यादी मिटून ठेवा आणि मराठीत ऐका. 'मेगाने ओ काकेरु', चष्मा लावणे. 'देन्वा ओ काकेरु', फोन लावणे. 'कागी ओ काकेरु', कुलूप लावणे. ब्रेक लावा, गाणी लावा, एखाद्या कामाला वेळ लावा, सगळीकडे काकेरुच.

खरी गंमत जोडीत आहे. आपण लावतो ते काकेरु, आपलं आपण लागतं ते 'काकारु'. 'जिकान गा काकारु', वेळ लागतो. 'ओकाने गा काकारु', पैसे लागतात. सकर्मक-अकर्मक म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना मी आधी हीच जोडी देते.

आता, या दोन भाषांचं नातंगोतं काही नाही, तेव्हा हे जुळणं कुठेतरी सुटणारच. दिवा किंवा टीव्ही लावायला 'त्सुकेरु', झाड लावायला 'उएरु', मलम लावायला 'नुरु'. उलट काकेरु आपल्या लावण्याच्या पलीकडेही जातं. मुळात ते टांगणं, अडकवणं. कोट खुंटीला काकेरु. मग वरून ओतणं, भुरभुरणं : भातावर घालतात ती चटणीसारखी फुरिकाके, गरम रस्सा ओतलेल्या नूडल्स तो काकेसोबा. गणितातही आहेच. 'नि काकेरु सान वा रोकु', २ गुणिले ३ बरोबर ६.

'मेइवाकु ओ काकेरु' मात्र नीट समजून घ्या. दुसऱ्याला आपला त्रास होऊ देणे. 'हितो नि मेइवाकु ओ काकेरु ना', लोकांना त्रास देऊ नकोस, हे तिथल्या मुलांच्या कानावर सतत पडतं. यातलं नामाला लागणारं 'नि' पाहा. फोन ज्याला लावला त्याला 'नि', सॉस ज्यावर ओतला त्याला 'नि', त्रास ज्याला झाला त्यालाही 'नि'. परीक्षेत मुलं अर्थ बरोबर सांगतात आणि इथे कर्माला लागणारं 'ओ' लिहून मोकळी होतात.

पाहुण्याला 'बसा' म्हणायचं तर 'ओकाके कुदासाइ'. तेही काकेरुच, 'कोशि ओ काकेरु', म्हणजे बूड टेकणे. फक्त खुर्ची किंवा बाक हवा. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, मांडी घालून बसणाऱ्याला हे म्हणत नाहीत.