तुम्ही विचारलेत म्हणून : सोलोसाठी डिले किती ठेवावा?

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी, त्यातही पहिले डिले पेडल (वाजवलेला स्वर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारे, पायाने चालू-बंद करायचे यंत्र) नुकतेच हाती आलेली मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात : सोलोला डिले किती ठेवता? ‘किती’ म्हणजे किती मिलिसेकंद, असे त्यांना म्हणायचे असते. टाळाटाळ न करता उत्तर द्यायचे तर आकडा सांगता येतो आणि मी तो सांगतोही : साधारण ४०० मिलिसेकंद, ऐकू येतील असे दोन-तीन रिपीट, आणि वाजवत असताना जाणवणार नाही इतका कमी मिक्स, म्हणजे मूळ आवाजात मिसळलेल्या रिपीटचे प्रमाण. पण हा आकडा घेऊन गेलेले बरेच जण काही दिवसांनी परत येतात आणि सांगतात की एकट्याने वाजवताना फार सुंदर वाटले, बँडबरोबर मात्र सगळे धुरकट झाले. तेव्हा त्या आकड्यामागे काय आहे, ते एकदा सविस्तर लिहितो.

माझे म्हणणे एवढेच आहे की सोलोतला डिले वाजवलेल्या स्वरांसाठी नसतो, दोन फ्रेझच्या, म्हणजे सलग वाजवलेल्या दोन स्वरवाक्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेसाठी असतो. ती जागा किती मोठी आहे आणि तिथे आणखी कोण वाजवत आहे, हे कळल्याशिवाय मिलिसेकंदांना काही अर्थ येत नाही.

टाइमचा नॉब हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला जवळजवळ १०० मिलिसेकंद लागतात. या आसपासचा, एकाच रिपीटचा डिले कानाला ‘जागा’ म्हणून कळतो, पुनरुक्ती म्हणून नव्हे. यालाच स्लॅपबॅक म्हणतात आणि तो तुटक, ठसकेबाज वाजवण्याला शोभतो. ३००च्या पुढे गेले की रिपीट स्वतंत्र स्वर म्हणून ऐकू येऊ लागतो. लांब, गाणाऱ्या स्वरांच्या सोलोसाठी मी ३५० ते ५०० या पट्ट्यात राहतो, कारण त्याहून छोटा डिले स्वराच्या अंगावर चढतो आणि फार मोठा झाला तर आपण पुढची फ्रेझ सुरू केल्यावर मागचीच आठवण करून देत बसतो.

तो गाण्याच्या लयीशी जुळवावा का, हा लगेच येणारा पुढचा प्रश्न. हिशोब सरळ आहे : ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या बीटच्या संख्येने) भागले की एका बीटचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला एक बीट ५०० मिलिसेकंदांची, तिचा पाऊण भाग, म्हणजे डॉटेड एट्थ, ३७५ चा आणि अर्धा भाग २५० चा. इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही बीटवर वाजवलेल्या स्वराचा रिपीट बरोबर पुढच्या बीटवर पडला, तर तो ड्रमसेटमधल्या किकच्या किंवा स्नेअरच्या ठोक्याखाली झाकला जातो. असा डिले नीटनेटका वाटतो, पण तो ऐकू यावा म्हणून मिक्स वाढवावा लागतो. पाऊण बीटचा डिले ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतो, त्यामुळे कमी आवाजातही दिसतो. यू२ या बँडचे गिटारवादक द एज यांच्या वादनात हा पाऊण बीटचा डिले प्रत्यक्ष ताल धरण्याचे काम करतो. तिथे एक मिलिसेकंदही इकडेतिकडे चालत नाही. सोलोत मात्र मी इतका काटेकोर राहत नाही. संथ गाण्यात, ७२ बीपीएमला अर्धी बीट ४१७ मिलिसेकंदांची होते, म्हणजे माझ्या नेहमीच्या आकड्याच्या अगदी शेजारी, आणि तिथे जुळवणे फायद्याचे ठरते. वेगवान गाण्यात, वादकाची लय ठोक्याच्या किंचित मागेपुढे खेळणारी असेल तर, थोडा न जुळणारा डिलेही उत्तम बसतो, कारण तेव्हा रिपीट तालाचा भाग न होता स्वरामागची छाया होतो.

खरी गडबड फीडबॅकच्या, म्हणजे किती रिपीट येतील ते ठरवणाऱ्या, नॉबवर होते आणि या नॉबबद्दल सर्वांत कमी विचारले जाते. प्रत्येक रिपीट आधीच्या रिपीटच्या ठरावीक पटीत लहान होत जातो. ती पट ३० टक्के असेल तर चौथा रिपीट पहिल्याच्या तीन टक्क्यांहूनही कमी उरतो, म्हणजे तो जवळपास नाहीच. ५० टक्के असेल तर चौथा साडेबारा टक्के राहतो. आणि ७० टक्क्यांवर चौथ्यातही पहिल्याचा एक तृतीयांश जीव शिल्लक असतो. नॉबचा थोडासा फेर आणि शेपटी एकदम दुप्पट-तिप्पट लांब. या शेपटीचे काय होते ते पाहा. गाणे १२० बीपीएमचे आहे, डिले ५०० मिलिसेकंदांचा आहे, चार रिपीट स्पष्ट ऐकू येत आहेत. ए मायनरच्या बारमधल्या शेवटच्या बीटवर तुम्ही सी हा स्वर वाजवून थांबलात. पुढचा बार ई मेजरचा आहे. तुमचा हात तारांवरून उठलेला आहे, पण सी त्या नव्या बारच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बीटवर पुन्हापुन्हा उमटतो आणि ई मेजरमधल्या बी या स्वराला अर्ध्या स्वराच्या अंतरावरून घासत राहतो. ऐकणाऱ्याला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही. गिटार बेसूर लागली एवढेच त्याला वाटते. म्हणून कॉर्ड दर बारला बदलत असतील तर दोन रिपीटच्या पुढे जाऊ नका, आणि एकाच कॉर्डवर बराच वेळ रेंगाळणारे गाणे असेल तर खुशाल चार-पाच ठेवा. नॉबवरच्या आकड्यांवर विसंबू नका, कारण प्रत्येक पेडलवर ते वेगळे लागतात. एक स्वर तोडून वाजवा आणि रिपीट बोटांवर मोजा.

मिक्सचा धडा मला एका कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगने शिकवला. मी ड्रमसेटच्या अगदी जवळ उभा होतो. झांजांच्या आवाजात मला माझे रिपीट ऐकू येत नव्हते, म्हणून पहिल्याच गाण्यानंतर मी मिक्स वाढवला. ॲम्पसमोर लावलेल्या माइकला मात्र ते रिपीट आधीपासून पूर्ण ऐकू येत होते आणि आता ते मूळ स्वराच्या जवळपास बरोबरीने श्रोत्यांपर्यंत जाऊ लागले. सोलोच्या शेवटी तिसऱ्या तारेवर, सातव्या फ्रेटवरचा डी सावकाश ताणून मी ई पर्यंत नेला आणि तिथे धरून ठेवला. रेकॉर्डिंगमध्ये तो बेंड ऐकताना मला धक्काच बसला. माझा ई स्थिर होता, सुरात होता, पण त्याच्या मागून डी निघून हळूहळू वर चढत येत होता आणि त्याच्यामागून आणखी एक. दोन गिटार वाजत आहेत आणि त्यातली एक उतरलेली आहे, असे ते वाजले. मींडेसारखा सावकाश जाणारा बेंड हा डिलेचा सर्वांत कठीण प्रसंग असतो. रिपीट पुरेसे मागे असतील तर त्याला खोली येते, पुढे आले तर तो मोडतो.

तेव्हापासून मी मिक्स असा लावतो. बँड किंवा बॅकिंग ट्रॅक पूर्ण आवाजात चालू ठेवायचा, न थांबता वाजवत राहायचे आणि रिपीट ऐकू येऊ लागेपर्यंत नॉब वाढवायचा. मग तो इतका मागे आणायचा की सलग वाजवताना काहीच कळणार नाही, पण फ्रेझ संपवून हात थांबवला की त्या शांततेत रिपीट अलगद पुढे येतील. शक्य असेल तर लूपरवर (वाजवलेला तुकडा पुन्हापुन्हा वाजवत राहणाऱ्या पेडलवर) एक फ्रेझ चालू ठेवून ॲम्पपासून दूर, श्रोते जिथे उभे राहणार तिथे जाऊन ऐकावे. हेडफोनवर लावलेला मिक्स बँडबरोबर बहुधा कमी पडतो आणि ड्रमच्या शेजारी लावलेला जास्त होतो. काही पेडलांमध्ये डकिंगची सोय असते. आपण वाजवत असताना रिपीट आपोआप दबतात आणि थांबलो की वर येतात. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या १९८५ च्या २२९० या रॅक यंत्रात ती होती. सलग, जलद वाजवणाऱ्यांनी ती जरूर वापरून पाहावी.

रिपीट मागे ठेवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे त्यांची धार काढून घेणे, आणि माझ्या मते हा मार्ग आवाज कमी करण्याहूनही चांगला आहे. जुन्या यंत्रांमध्ये हे आपोआप घडत असे. एकोप्लेक्स या टेपवर चालणाऱ्या डिले यंत्रात प्रत्येक फेरीत वरचा तजेला थोडा कमी होई. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांनी वापरलेल्या बिन्सन एकोरेकमध्ये टेपऐवजी फिरता चुंबकीय ड्रम होता आणि त्याचेही रिपीट मऊ येत. १९६९ मध्ये फिलिप्समध्ये सँगस्टर आणि टीर यांनी बकेट-ब्रिगेड हे तंत्र शोधले, त्यावर पुढे ॲनालॉग पेडल्स निघाली. त्यात कपॅसिटरांच्या रांगेतून सिग्नल बादल्यांसारखा हातोहात पुढे दिला जातो. डिले लांबवायचा तर ही देवघेव संथ करावी लागते आणि मग वरच्या कंप्रता गाळून टाकाव्याच लागतात. १९८३ च्या बॉस डीडी-२ पासून छोट्या डिजिटल पेडलवर ८०० मिलिसेकंदांपर्यंतचे लख्ख रिपीट मिळू लागले. सोलोच्या दृष्टीने ही लख्ख नक्कलच अडचणीची असते, कारण पिकचा ‘टक्’ असा आघातही तितक्याच ठळकपणे परत येतो. तुमच्या डिजिटल पेडलवर टोन किंवा हाय-कट असेल तर तो बिनधास्त खाली आणा. आघात गेला की उरलेला स्वर मूळ स्वराशी भांडत नाही.

जोडणीतल्या क्रमाबद्दल थोडक्यात : डिस्टॉर्शननंतर डिले. डिस्टॉर्शन आवाजाला दाबून सपाट करते, त्यामुळे डिले आधी लावला तर मंद होत जाणारे रिपीट पुन्हा फुगून वर येतात आणि नव्या स्वरात मिसळून खरखरतात. डिस्टॉर्शन ॲम्पच्या प्रीॲम्पमधूनच (ॲम्पच्या पहिल्या टप्प्यातूनच) घेत असाल तर डिले इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे त्या टप्प्यानंतर इफेक्ट जोडण्याच्या सोयीत, जोडा. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन एकोप्लेक्स ॲम्पच्या आधी लावत, हे खरे आहे आणि त्याला त्याची अशी एक गोडी आहे. पण ती जाणून घेतलेली निवड असावी, जोडणीतली चूक नसावी.

आता सोलोचा शेवटचा स्वर. गायक पुढच्या बारला येणार असतो आणि आपला पाय पेडलकडे निघालेला असतो. पेडलवर ट्रेल्सची सोय नसेल तर बंद करताक्षणी शेपटी कापली जाते आणि ती कात्री श्रोत्यांना ऐकू येते. म्हणून मी शेवटचा स्वर एक बीट लवकर सोडतो, पहिला रिपीट जाऊ देतो, दुसरा गायकाच्या पहिल्या शब्दाखाली लपला की मगच पाय दाबतो.