रिपोर्टमधला ठळक ‘एच’

थायरॉइड आटोक्यात आला की पाळणा हललाच, असा आमच्या नात्यात पक्का समज आहे. मोठ्या जाऊबाईंच्या माहेरी कुणाचं तसं झालं, म्हणून माझंही होणार. मी नववीला गणित शिकवते. आवश्यक अट वेगळी आणि पुरेशी अट वेगळी, हे पोरांना दर वर्षी घोकून सांगते. घरी कोण ऐकते, बाप्पा!

माझा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की हे वाढतं) ५.६ आला होता. शेजारी ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’, आणि लॅबची मर्यादा ०.२७ ते ४.२०. मूल व्हावं म्हणून आधी जिथे जात होतो तिथे ‘बॉर्डरलाइन आहे, चालतं’ म्हणत थेट आयव्हीएफची (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराची) इंजेक्शनं सुरू करायची घाई होती. पैसे भरायची तारीखसुद्धा सांगून झाली होती. माझं मन घेईना. मग इथे नागपुरातच धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. (धंतोलीत दवाखाने उदंड, गाडी लावायला जागा मात्र नाही.) त्यांनी अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलंय का ते सांगणारी अँटीबॉडीची तपासणी) करायला लावलं, तेही वाढलेलं निघालं. म्हणाल्या, ‘आधी टीएसएच अडीचच्या खाली आणू, मग पुढचं.’

कारण त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन चढतं. त्यामुळे यकृत थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनला, धरून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं आणि शरीराला मोकळं हार्मोन कमी पडतं. धडधाकट ग्रंथी ती तूट भरून काढते, माझ्यासारखी आधीच दमलेली काढू शकत नाही. शिवाय गर्भ राहिला तर पहिले तीन महिने बाळाची सगळी भिस्त आईच्याच थायरॉक्सिनवर असते.

थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली आणि पुढच्या तपासणीसाठी सहा आठवडे थांबायला सांगितलं. नवरा वैतागला, पण हे गणित मला आवडलं. थायरॉक्सिनचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं. नवा डोस रक्तात स्थिरावायला अशी पाचेक अर्धायुष्यं लागतात. त्याआधी रक्त देणं म्हणजे पेपर अर्धवट असताना मार्क मोजणं.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात. गोळी उपाशीपोटी, चहा त्यानंतर तासाभराने. सासूबाई रोज म्हणायच्या, ‘काहून गं, नुसतं पाणीच पिऊन राहिली? चहा थंडा होते ना!’ कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या हिच्यापासून चार तास लांब, म्हणून त्या दुपारच्या डब्यासोबत शाळेत. मे महिन्यात आणखी एक उपद्व्याप. या गोळीला उष्णता, उजेड आणि ओल तिन्ही चालत नाहीत. नागपुरात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा घरात गारवा फक्त कूलरसमोर, आणि तिथेच सगळी ओल. शेवटी बाटली आतल्या खोलीतल्या कपाटात, घट्ट झाकण लावून.

टीएसएच १.९ वर आला तशी फोनवरून सल्ल्यांची रांग लागली. ‘अँटीबॉडी आहेत ना? मग डोस वाढवून घे.’ मॅडमनी साफ नकार दिला. ज्यांच्या टीपीओ अँटीबॉडी वाढलेल्या पण थायरॉइडचं काम नॉर्मल आहे, अशा ९५२ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये ‘टॅबलेट’ नावाची चाचणी झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. या सगळ्यांचा आधी गर्भपात झालेला किंवा मूल होण्यात अडचण होती. निम्म्यांना ५० मायक्रोग्रॅमची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. गोळीवाल्या गटात ३७.४ टक्के जणींना मूल झालं, दुसऱ्या गटात ३७.९ टक्के. फरक शून्यच म्हणा ना. म्हणजे टीएसएच वाढलेला असेल तर औषध घ्यायचं, पण आकडा जागेवर असताना केवळ अँटीबॉडीपायी गोळ्या घेऊन पदरात काही पडत नाही. उलट डोस जास्त झाला तर धडधड आणि झोपेचं खोबरं.

पहिलं ट्रान्सफर, म्हणजे तयार गर्भ गर्भाशयात सोडणं, लागलं नाही. टीएसएच तेव्हा उत्तम होता. जाऊबाई चकितच झाल्या, ‘थायरॉइड नीट असूनही?’ हो, असूनही. माझं वय, बीजांड, गर्भाचे गुणसूत्र यांपैकी कशालाही ती गोळी हात लावत नाही. तिने एक अडथळा बाजूला केला, तिचं काम तेवढंच.

पुढचं ट्रान्सफर तान्हा पोळा झाल्यावर. त्याआधी पुन्हा टीएसएच. फाइलवर मॅडमनी आत्ताच लिहून ठेवलंय: टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी फोन, आठवड्याला दोन गोळ्या जास्त आणि दर चार आठवड्यांनी रक्त. सासूबाईंनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, ‘चहाचं काय मग?’ तासाभरानेच, आई.